बागेतल्या स्वयंपाकाच्या बाई

दिनू, काल तुझं तेरावं झालं. आज दुपारी घर निजलं आहे, तुझ्या दादांनीही डोळ्यांवर पंचा ओढला आहे, आणि मी मागच्या अंगणात तुझ्या खाटेवर वही घेऊन तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं, ते तेरा दिवस लोकांनी बोलून झालं. दिनू किती हसरा, दिनूने कोणाचं मन मोडलं नाही, वहिनीवर तर आईसारखा जीव. मी चहाचे कप फिरवत ऐकून घेतलं. अडतीस वर्षं मी या दिराच्या ताटात भाकर वाढली आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं जवळजवळ मुक्याने वाढली, हे त्यांना कुठून माहीत असणार. "मीठ?" "नको." "भात?" "थोडा." एवढंच आपलं बोलणं. तू लग्न केलं नाहीस, वेगळं बिऱ्हाड केलं नाहीस, दोन वेळा माझ्यासमोर पाटावर येऊन बसायचास आणि खाली मान घालून उठून जायचास.

आणि कारण काय, तर तू मला एकदा चार लोकांत स्वयंपाकीण म्हणालास.

तुला हे सगळं ठाऊक आहे. पण त्यातला अर्धा भाग मला कालच कळला, म्हणून आता मला पहिल्यापासून नीट लावून पाहायचं आहे. मध्ये बोलू नकोस.

मी नागपूरच्या महाल भागातल्या या घरात आले तेव्हा सोळा वर्षांची होते आणि तू तिसरीत होतास. सासूबाई आधीच गेलेल्या. तू चुलीपाशी बसून मोठ्याने पाठ म्हणायचास, मी समोर बसून भाकरी थापायची. पुस्तक तुझ्या मांडीवर, म्हणजे माझ्याकडून उलटं. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे अक्षरं अशीच असतात असं समजून मी ती उलटीच शिकले. पुढे एक दिवस पुस्तक सरळ हातात घेतलं तर काही वाचता येईना, आणि तू जमिनीवर लोळून हसलास. मग पाटी घेऊन तूच मला गिरवायला बसवलंस. आज मी वर्तमानपत्र वाचते, वाचनालयातून पुस्तकं आणते, हे एवढं लिहिते आहे, ते त्या पाटीमुळे. हे मी कधी नाकारलं नाही. नऊ वर्षं तुझ्यावर रागावून होते तेव्हाही पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर तू यायचास. त्याचाच जास्त राग यायचा.

तू रविवारच्या ज्या सहली काढायचास, त्यांची सुरुवात आपल्या घरच्या आवळीभोजनातून झाली. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली जेवायला जायचं, ते एका वर्षी आपण काटोल रस्त्यावर बापूजींच्या बागेत गेलो. बापूजी संत्र्यांचे बागवाले, तुझ्या कोणा मित्राचे काका. त्यांच्या कोठीत चिनी मातीच्या बरण्या ओळीने मांडलेल्या, तोंडं फडक्याने बांधलेली, आत संत्र्याचा रस आंबत ठेवलेला. भिंतीवर देवांच्या तसबिरी आणि त्यांच्या शेजारी चौकटीत सरकारचा परवाना. दारात बायका फोडी सोलून बिया काढत बसल्या होत्या, आणि बापूजी त्यांच्या डोक्यावर उभे. "एक बी चिरडली का अख्खी बरनी कडू होते," ते म्हणत होते. तुझ्या दादांनी नाकाला रुमाल लावला आणि ते बाहेर जाऊन बसले. तू मात्र प्रत्येक बरणीपाशी थांबून विचारत हिंडलास. परतताना बसमध्ये मला म्हणालास, "वहिनी, मुंबईचे लोकं हे पाह्यले येतीन. फक्त जेवन तुह्या हातचं पाह्यजे."

मी म्हटलं, "मुंबईचे लोकं मह्या हातचं खायले काटोल रोडवर येतीन? तुले बरनीजवळ उभं राहूनच चढली काय?"

पण तुझं डोकं चालायचं तर असं. हिवाळ्यात अधिवेशन भरतं आणि निम्मी मुंबई नागपुरात उतरते. रविवारी त्या लोकांना काय करावं कळत नाही. सीताबर्डीवर दोन चकरा मारल्या, तलाव पाहिला, की संपलं. त्या रविवारांवर तू डोळा ठेवलास. ट्रान्सपोर्टमधली कारकुनी सांभाळून भाड्याची मेटॅडोर घेतलीस. आठ माणसं, नववा आला तर त्याला पुढचा रविवार. सकाळी सीताबर्डीहून निघायचं, बापूजींकडे संत्र्याची वाइन, तिथेच आवळ्याखाली जेवण, मग मोहपा गावाकडच्या एका निवृत्त मास्तरांची जांभळाची वाइन, आणि दिवेलागणीच्या आत परत. "दारू म्हनायचं नाही वं," तू मला बजावायचास, "वाइन म्हनायचं." त्या काळी प्यायलाही परमिट लागायचं. तू त्या आठांचे दोन भाग करायचास, परमिटवाले आणि रसवाले. ज्याच्याकडे परमिट नाही त्याला ताजा रस, मग तो कितीही मोठा साहेब असो. कोणी हळूच मोहाची दारू मागितली तर तू हात जोडायचास. "ते बेकायदा काम आहे साहेब, ते आपल्याकडं नाही होत." 

आणि जेवण माझं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून कणीक मळून न्यायची, वांगी, मसाला, तूप, सगळं बांधून घ्यायचं आणि मेटॅडोरच्या मागच्या बाकावर डेगची मांडीशी धरून बसायचं. बागेत पोचलं की आधी गोवऱ्या पेटवायच्या. तुम्ही लोक बरण्यांपाशी वास घेत उभे असायचा तोवर माझे रोडगे, कणकेचे गोळे, त्या आरात भाजायला जायचे. पहिल्या रविवारी मुंबईची एक बाई त्या राखेतून काढलेल्या गोळ्यांकडे पाहून घाबरून म्हणाली होती, "हे फोडायचं कशाने?" मी राख झटकली, हाताने फोडून आत तूप ओतलं, वर वांग्याची भाजी घातली. त्या बाईने तिसरा रोडगा मागितला तेव्हा तू लांबून मला डोळा मारलास. तिने विचारलं, "या कोण?" आणि तू छाती पुढे काढून म्हणालास, "ही माही वहिनी. आमच्या घरची अन्नपूर्णा."

असा तो पहिला हिवाळा. त्याच हिवाळ्यात एकदा पाहुणे मास्तरांच्या घरी गप्पा मारत होते, आणि तू वाटीत दोन घोट जांभळाची घेऊन माझ्याकडे आलास. "पाह्य त घेऊन. कोनी नाही." मी पदर तोंडाशी धरून एक घोट घेतला. तू विचारलंस कशी आहे. मी म्हटलं, "कढी दोन दिवस तशीच ठेवली अन् मंग त्यात कोनी गूळ टाकला, तशी." तू असा हसलास की वाटी सांडली आणि माझ्या लुगड्यावर जांभळा डाग पडला. तो घरी काय सांगून निस्तरायचा याचीच आपण परतीच्या वाटेवर चर्चा केली. तुझ्यासारखा दीर कोणाला नसेल असं मला त्या दिवशी वाटलं होतं. हेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणशील वहिनीने एकाच बाजूचं लिहिलं.

दुसऱ्या हिवाळ्यात पहिलाच रविवार. सचिवालयातले कोणी साहेब आणि त्यांच्या पत्नी आल्या होत्या. बाई चांगल्या होत्या, मी त्यांना दोष देत नाही. जेवताना त्यांनी मान वर करून विचारलं, "दिनकरराव, हे कोणाच्या हातचं आहे हो?" मी पदराला हात पुसले आणि जरा पुढे झाले. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. वरणाच्या पातेल्यात पाहत म्हणालास, "आमच्या स्वयंपाकाच्या बाई आहेत."

त्या म्हणाल्या, "बाई, फार छान झालं हं. उरेल ते मुलांना घरी घेऊन जा."

माझ्याच हातचं, माझ्याच भांड्यात, माझ्याच घरी जायचं होतं ते. मी म्हटलं, "हो बाईसाहेब."

का म्हटलं? तुझे कान लाल झालेले मला दिसले होते. मला वाटलं, काहीतरी अडचण आहे याची, आत्ता सावरून घेऊ, घरी गेल्यावर सांगेल. आणि घरी गेल्यावर याच अंगणात, भांडी घासता घासता, मी विचारलं.

"काहून म्हटलं तसं?"

"धंद्याचं असते वहिनी."

"कोनत्या धंद्यात वहिनीले बाई म्हनतात?"

"घरचं आहे म्हटलं का लोकाइले फुकटाचं वाटते. तू मनावर नको घेऊ."

मागच्या वर्षी तर तुला फुकटाचं वाटण्याची भीती नव्हती. मागच्या वर्षी मी अन्नपूर्णा होते. मी हे म्हटलंही, आणि तू राखेने घासलेली डेग पुन्हा घासायला घेतलीस.

तुझ्या दादांना मी काही सांगितलं नाही. मला वाटलं, आपल्या बायकोला भावाने लोकांसमोर स्वयंपाकीण केलं हे ऐकून ते तुला घराबाहेर काढतील. भावाभावांत माझ्यावरून काही नको. एवढी शहाणी मी.

आता तू विचारशील की इतकं लागलं होतं तर तो हिवाळा आणि पुढचे दोन हिवाळे आलीस कशाला. खरं सांगू? मला यायला आवडायचं. आठवडाभर मी महालातल्या घरात दोन चुलींपुढे असायची आणि रविवारी समोर झाडंच झाडं, फांदी वाकून जमिनीला लागेल इतकी संत्री. अनोळखी माणसं जेवता जेवता माझ्याकडे बघून "बाई, अजून एक" म्हणायची. आपल्या घरात भाजी चांगली झाली तर कोणी काही बोलत नाही, बिघडली तर बोलतात. तिथे साहेब लोक हातातलं ठेवून विचारायचे की यात काय घातलंत. ते इथल्या बँकेतले, मूळचे पुण्याचे साहेब तर दर हिवाळ्यात दोनदा यायचे, आणि चेष्टेने म्हणायचे, "दिनकरराव, वाइन तुमची ठीकच आहे, मी येतो या बाईंसाठी." त्यांचं हे बोलणं मी घरी येऊन चार दिवस मनात घोळवायची. आणि पाचव्या दिवशी आठवायचं की ते कौतुक कोणा बाईंचं आहे, माझं नाही. त्या बाईंना नाव नव्हतं, घर नव्हतं. हाक मारली की मी वळायची, एवढंच.

चौथ्या हिवाळ्यात माझ्या मामेबहिणीचे यजमान आले. अमरावतीचे वकील. त्यांच्यासोबत ती स्वतः. मेटॅडोरमध्ये मी मागे डेगचींमध्ये, तोंडावर पदर ओढलेला, आणि ती पुढे. मला काही तिच्यापासून लपवायचं नव्हतं रे. मला तुझी वहिनी म्हणून तिला कडकडून भेटायचं होतं. पण तिने विचारलं असतं, "मालू, तू इथं कशी?" आणि तू त्या आठ जणांसमोर काय सांगितलं असतंस? मी बागेत उतरले ती सरळ बापूजींच्या कोठीत शिरले. बरण्यांच्या मागे, आंबलेल्या वासात, जमिनीवर बसून राहिले. रोडगे ड्रायव्हरने काढले, अर्धे करपले. ती बाहेर हसत होती, मला तिचं हसू ऐकू येत होतं. आमच्या लग्नात एका ताटात जेवलेली ती.

ते लोक झाडं पाहायला गेले तेव्हा तू आलास. "वहिनी, गेले ते. चाल बाहेर."

मी म्हटलं, "दिनू, आज खरं सांग. काहून करतं तू हे मह्यासंगं?"

तू तोंड उघडलंस. मी पाहिलं, काहीतरी येत होतं. मग तू खाली वाकलास, माझी रिकामी डेग उचललीस आणि बाहेर निघून गेलास.

मी म्हटलं ते तू जाता जाता ऐकलंस की नाही माहीत नाही. मी म्हटलं, "आता मी येनार नाही."

नाही आले. पाचव्या हिवाळ्यात तू कुठल्या मेसमधला आचारी नेलास. त्याने बागेत पुऱ्या-बटाटा केला. दोन रविवार झाले, तिसऱ्या रविवारी तीनच माणसं आली, आणि मग तू मेटॅडोर परत केलीस. बंद पडल्याचं तू जेवताना सांगितलंस, दादांकडे बघून. मी तेव्हा तव्यावर भाकर उलटत होते. मला बरं वाटलं, दिनू. लाज वाटली पाहिजे होती, वाटली नाही. मनात म्हटलं, आता कळलं बाई कोण होती ते.

त्यानंतरची नऊ वर्षं तू मोजली असशील. तू पुन्हा नुसता कारकून झालास. सकाळी डबा, संध्याकाळी परत, अंगणात ही खाट. तुझं हसणं बाहेरच्यांसाठी शिल्लक होतं, घरात नव्हतं. मी मनात शंभर वेळा ठरवलं की आज बोलू. मग तू "मीठ नको" म्हणायचास, आणि मला ते वरणाच्या पातेल्यात पाहणं आठवायचं.

आणि मग तू एका दुपारी जेवून या खाटेवर आडवा झालास आणि उठला नाहीस. वेळ झाली म्हणून मी चहा घेऊन आले होते. "चहा," एवढंच म्हटलं. तुझ्याशी मी शेवटचं बोलले ते हे.

काल तेराव्याच्या पंगतीला ते बँकेतले साहेब आले होते. रिटायर होऊन ते नागपुरातच, धंतोलीत राहिले, त्यांना कुठून तरी कळलं. म्हातारे झालेत. तुझ्या दादांच्या शेजारी बसले. मी वरण वाढत रांगेतून येत होते. त्यांनी मला पाहिलं, पहिला घास घेतला, आणि चेहरा एकदम उजळला. दादांकडे वळून म्हणाले, "या बाई अजून तुमच्याकडेच आहेत? नशीबवान आहात हो. अशी माणसं टिकत नाहीत आजकाल."

तुझे दादा म्हणाले, "हो. आहेत."

मी त्यांच्या भातावर वरण घातलं आणि पुढे गेले. पंगत चालू होती, तेराव्याच्या पंगतीत मानापमान कोण काढतं. शेवटच्या ताटापर्यंत हात नीट चालला माझा. स्वयंपाकघरात येऊन पातेलं खाली ठेवलं आणि तेव्हा लक्षात आलं. तुझे दादा दचकले नाहीत. "बाई कोण?" म्हणाले नाहीत. "ही माझी बायको" म्हणाले नाहीत. हे ते पहिल्यांदाच ऐकत नव्हते.

माणसं गेल्यावर ते झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"तुम्हाले कसं मालूम?"

"काय?"

"बँकेवाल्यानं मले बाई म्हटलं त तुम्ही हो म्हटलं. मी त तुम्हाले कधी सांगितलं नव्हतं. दिनूनं सांगितलं होतं?"

"दिनू काय सांगनार. मीच म्हटलं होतं त्याले."

अगदी सरळ बोलले, कोणी रेशन आणायला सांगितल्याचं बोलावं तसं. पहिल्या हिवाळ्यानंतर म्हणे दादांच्या सरकारी कचेरीत कुजबुज सुरू झाली. अधिवेशनातले साहेब सहलीला यायचे आणि मग दादांच्याच कचेरीत येऊन फायली पाहायचे. "लोकं बोलून राहिले होते, याची बायको दारू पिनाऱ्याइले वाढते म्हनून. मी त्याले म्हटलं, नेतं त ने तिले, पन आपल्या घरची हाय असं तिथं निघालं नाही पाह्यजे. कोनी विचारलं त स्वयंपाकाची बाई म्हनजो."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

"तुले सांगितलं असतं त तू गेली असती?"

"नऊ वर्षं मी त्याच्याशी बोलली नाही. तुम्ही पाह्यत होते ना?"

"मले वाटलं, तुमचं काही कामावरून झालं असंन. निवंन आपोआप."

तुझं ताट आणि त्यांचं ताट शेजारी शेजारी असायचं, दिनू. माझा अबोला त्यांच्या पुढून रोज दोनदा जायचा. आता मला आठवतं, मधे एकदा, मी तापातून उठले होते तेव्हा, तू दाराशी येऊन म्हणाला होतास, "वहिनी, त्या वक्ताचं एक सांगायचं होतं." तेवढ्यात बाहेरच्या खोलीत दादा खाकरले आणि तू "काही नाही, औषध घेतलं का" असं म्हणून गेलास.

लोक हे ऐकतील तर म्हणतील, पाहा किती मोठ्या मनाचा. नवरा-बायकोत वितुष्ट नको म्हणून भावाचं पाप पोटात घालून गेला. कालपासून मीही तसं म्हणून पाहिलं. म्हणताना डोळ्यांत पाणी येतं आणि लगेच अंगाचा तिळपापड होतो. माझ्यावर उपकार करायला तुला कोणी सांगितलं होतं? तुम्ही दोघा भावांनी मी कोण हे आपसात बसून ठरवलंत. एकाला अब्रू सांभाळायची होती, दुसऱ्याला सहल. दादा म्हणाले ते खोटं नाही, त्यांनी हुकूम म्हणून मला सांगितलं असतं तर मी गेले नसते. तुलाही ते माहीत होतं. मी गेले नसते तर आवळ्याखाली तुझ्या आठ माणसांना पुऱ्या-बटाटा मिळाला असता, आणि तुझी सहल दुसऱ्याच वर्षी बसली असती. तेव्हा गप्प राहिलास ते कोणासाठी, हे माझं मला कळलं आहे. थोडं त्यांच्यासाठी असेल. थोडं मला दुखू नये म्हणूनही असेल. पण बराचसा भाग माझ्या रोडग्यांसाठी होता, दिनू, आणि तो तू मला सांगू शकला असतास. मी हसले असते. बाई म्हण, आचारीण म्हण, पण मला विचारून म्हण, असं मी म्हटलं असतं, आणि मग लोकांसमोर असं सोंग वठवलं असतं की घरी येऊन आपण दोघं पोट धरून हसलो असतो. आपल्याला तेवढं येत होतं.

आणि माझंही सांगते, म्हणजे बरोबरी होईल. मी तुला वाचवायला म्हणून दादांपासून लपवलं, तेच चुकलं माझं. पहिल्याच दिवशी घरात ओरडले असते तर पहिल्याच दिवशी सगळं बाहेर आलं असतं. मी शहाणपणा केला. आपण तिघांनीही केला.

काल झोपाळ्यापाशी मी त्यांना आणखी एक विचारलं. भांडून झालं होतं, आवाजही उरला नव्हता. म्हटलं, "तुम्ही त्याले तसं सांगितलं तेव्हा दिनू काय म्हनला?"

"काय म्हननार."

"भांडला का तुमच्याशी? का लगेच हो म्हटलं?"

त्यांचा अडकित्ता थांबला. त्यांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला, हे मी सांगते, त्यांच्यावर कितीही चिडले असले तरी. वर आढ्याकडे पाहिलं, ओठ हलवले. मग म्हणाले, "आता बाप्पा, कोनाले आठवते."

एवढं एकच मला हवं होतं. तू माझ्यासाठी एकदा तरी "नाही" म्हणालास का. दोन दिवस घुमसलास, दादांशी वाद घातलास, आणि मग नाइलाजाने कबूल झालास, की "बरं" म्हणून मेटॅडोरवाल्याकडे निघून गेलास. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एकाला आठवत नाही आणि दुसरा इथे या खाटेवर नाही.

काल त्यानंतर मी धरून चालले होते की तू भांडला असशील. तेवढ्यावर रात्रीचं जेवण गेलं. आज इथे बसून लिहिता लिहिता ते कान लाल झालेले पुन्हा डोळ्यांसमोर आणून पाहिले. भांडून हरलेल्या माणसाचे कान तसे होत नसतात. लगेच हो म्हटलेल्याचे होतात. मला वाटतं, तू लगेच हो म्हटलं असशील, दिनू. तू "नाही" म्हणाला होतास, एवढं सांगायला एक जरी माणूस असता तर मी ते मानलं असतं.